मारुतीच्या गळ्यापासून क्युसेकपर्यंत

मंडळी, पावसाळ्यात आपल्या ग्रुपवर रोज सकाळी एक मेसेज फिरतो. पालखेड इतके क्युसेक, गंगापूर इतके, होळकर पूल इतके, नांदूरमधमेश्वर इतके. आपण पालखेडचा आकडा बघतो, नदीवरची मोटर वर ओढायची का ते ठरवतो आणि मेसेज पुढं ढकलतो. पण आपल्या उन्हाळ्याच्या पाळीचा निकाल बऱ्याचदा त्यातल्या शेवटच्या आकड्यावर लागतो. म्हणून आज थोडा इतिहास.

नाशकात गंगेचा पूर मोजायचं जुनं माप म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं, असंच सांगायचे. 2008 चा सप्टेंबर, 2016 आणि 2019 चा ऑगस्ट, हे पूर लोक अजूनही मारुतीवरूनच सांगतात. माप चांगलंच आहे, शाळेतल्या पोरालाही कळतं. अडचण एवढीच की मारुती पाण्याची उंची सांगतो, किती पाणी वाहून गेलं ते सांगत नाही.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात: नदीचा काटछेद आणि पाण्याचा वेग. दोन्हींचा गुणाकार म्हणजे विसर्ग. एका सेकंदाला एक घनफूट पाणी गेलं की एक क्युसेक, म्हणजे साधारण 28 लिटर. वेगवेगळ्या उंचीला असं मोजून एकदा तक्ता बसवला की पुढं नुसती पट्टी वाचून विसर्ग काढता येतो. बंधाऱ्यावर हे काम आणखी सोपं, कारण तिथं पाणी पक्क्या दगडी माथ्यावरून किंवा दरवाजातून जातं. नदीचं पात्र पुरात खचतं, गाळानं भरतं, मग जुना तक्ता खोटा पडतो. बंधाऱ्याचं तसं होत नाही.

नांदूरमधमेश्वरचा बंधारा इंग्रजांच्या काळातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. निफाडपासून कोपरगाव-राहात्यापर्यंतच्या पाटांसाठी बांधलेला. आपली कादवा तिथंच गोदावरीला मिळते. (इगतपुरीकडची कडवा वेगळी, तिचं पाणी दारणेत जातं. बातम्यांत या दोघींची नेहमी गल्लत होते.) म्हणजे करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव या आपल्याकडच्या धरणांतून सुटलेलं पाणी, गंगापूर-दारणाचं पाणी, सगळं त्या एका बंधाऱ्यावर मोजलं जातं. तिथून खाली पैठण.

जायकवाडीची पायाभरणी 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, लोकार्पण 1976 ला इंदिरा गांधींनी केलं. आपल्याकडं पालखेड, करंजवणही त्याच सत्तरच्या दशकातले, बाकीची धरणं मागोमाग आली. पाणी एकच, भांडी वाढत गेली. भांडण व्हायचंच होतं.

2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आलं. 2013 ला मेंढेगिरी समितीनं हिशोब मांडला आणि 19 सप्टेंबर 2014 ला प्राधिकरणाचा आदेश निघाला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या आत असेल, तर वरच्या धरणांनी पाणी द्यायचं. 65 टक्के म्हणजे सुमारे 50 टीएमसी. 2018 च्या ऑक्टोबरच्या आदेशात एकूण 8.99 टीएमसी पाणी सोडायचं ठरलं, त्यात पालखेड समूहाचा वाटा 0.60. 2023 ला 8.603 टीएमसीचा आदेश झाला, त्यात पालखेडवर भार नव्हता.

आता तो मेसेज परत वाचा. 11,574 क्युसेक पाणी चोवीस तास चाललं की एक टीएमसी होतं. ऑगस्टमध्ये नांदूरमधमेश्वरवरून 40 हजार क्युसेक चार दिवस गेले, तर पैठणच्या दिशेनं तेरा-चौदा टीएमसी गेले. एवढं फुकटचं पाणी खाली पोचलं की ऑक्टोबरात आपल्या दाराशी कोण येणार? पुराच्या पाण्याला आपण 'वाया गेलं' म्हणतो, मला ते पटत नाही. उलट नोव्हेंबरात कोरड्या पात्रातून सोडलेलं पाणी वाटेत जिरतं, उडतं, ना आपल्याला ना पैठणवाल्याला. आणि पैठणचा शेतकरीही आपल्यासारखाच पाटाकडं डोळे लावून बसलेला असतो, हेही खरंय.

मोजणीचा फायदा कसा होतो, ते आपल्या वाघाडनं दाखवलंय. कालव्याच्या शेपटाला ओझरला पाणी पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास शेतकऱ्यांना एकत्र करून पाणी वापर संस्था उभ्या केल्या. एरवी आकारणी पीक आणि क्षेत्रावर व्हायची, या संस्थांनी पाणी घनमीटरवर मोजून घेतलं. मोजून घेतल्यावर वाचवलेलं पाणी आपलंच राहतं, मग लोक रात्रीचं मोकाट पाणी कशाला सोडतील? द्राक्षबागा वाढल्या त्या त्याच पाण्यावर. पुढं अख्ख्या वाघाड प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडं आलं.

मी या वर्षी एक वही केलीय. 1 जूनपासून रोजचा नांदूरमधमेश्वरचा आकडा लिहितोय, शेजारी जायकवाडीचा टक्का. बेरीज दर रविवारी इथं टाकत जाईन. कुणाकडं मागच्या वर्षीचे मेसेज शिल्लक असतील तर पाठवा, वहीची मागची पानं अजून कोरी आहेत.