तळटीप : लडाखमधले ताजे काँक्रीट
१. पेंढा व ताडपत्री : आपल्याकडे ताज्या स्लॅबवर वाफे बांधून पाणी तुंबवतात. लडाखच्या थंडीत हीच सवय घातक ठरते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि कोवळ्या काँक्रीटची वीण आतून उसवते. ती पुढे कितीही पाणी मारले तरी सांधत नाही. म्हणूनच आयएस ७८६१ या भारतीय मानकाचा दुसरा भाग ५ अंश सेल्सिअसखालच्या कामासाठी स्वतंत्र आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना स्वतःच उष्णता सोडते, पेंढा व ताडपत्रीचे पांघरूण ती राखते. मिश्रणाचे पाणीही तापवून घेतात. गोठलेल्या जमिनीवर मात्र काँक्रीट ओतूच नये. सेंट्रिंग उशिरा काढतात, पांघरूणही हळूहळू, कारण पृष्ठभाग एकदम थंडावला की तडे जातात.