अंगणातले बाक आणि आंब्याचे झाड

गेल्या पावसाळ्यात आमच्या खडवलीच्या अंगणातली प्लॅस्टिकची शेवटची खुर्चीही मोडली. चार उन्हाळ्यांनी ती आतून कधी कडकली, ते कळलेच नाही. बसणारा पाहुणा तरुण होता म्हणून हसण्यावारी गेले. हिचे गुडघे आता ओट्यावर बसू देत नाहीत. म्हणाली, "आता असं काहीतरी आणा, की पुन्हा आणावं लागणार नाही."

सुतार आले. परसातल्या जुन्या आंब्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी, फळ तर धरत नाही आता. हाच पाडा, बाक फुकटात होईल." हिशेब सोपा होता. पण मी इतिहासाचा मास्तर. सोप्या हिशेबात माझे मन रमत नाही.

आमच्या कल्याणची खाडी लाकडाची जुनी जाणकार. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे इथेच मराठी आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. पाण्यात टिकणारे लाकूड म्हणजे सागवान, हे इथल्या कारागिरांना ठाऊक होते. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे पाणी मुरत नाही, वाळवीही सहसा लागत नाही. शिवाय ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, तसे सागात होत नाही.

इंग्रजांनाही हे उमगले. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरले. दोनशे वर्षे उलटून गेली, पण ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे! १८४२ चा नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस'वर झाला, तेही मुंबईचेच.

आता गंमत पाहा. वाफेची आणि लोखंडाची जहाजे आली, तशी जुनी लाकडी जहाजे मोडीत निघाली. लंडनमध्ये टेम्सकाठी जहाजे मोडणाऱ्या कॅसल कंपनीने त्या सागाची बागेतली बाके करून विकली. तोफांचे धक्के सोसलेल्या फळ्यांवर बसून साहेब चहा पिऊ लागले. बागेत सागवानी बाक ठेवायची विलायती हौस अशी आरमाराच्या मोडीतूनही पोसली गेली.

पण या टिकाऊपणाची किंमत जंगलांनी मोजली. जहाजांमागून आगगाडी आली. १८५५ साली कल्याणहून लोहमार्ग खडवलीवरून वासिंदपर्यंत पोचला. रूळ, पूल, स्टेशने, सगळ्यांना लाकूड हवे. त्याआधीच, १८४७ मध्ये, मुंबई सरकारला डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमावे लागले होते.

हे शहाणपण आपल्याकडे त्याहून जुने आहे. रामचंद्रपंत अमात्यांची 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या आरंभीची. त्यात आरमारासाठी साग तोडायचा तो हुजुरांच्या परवानगीने, असे बजावले आहे. आंबा, फणसही कामाचे. पण त्यांना हात लावायचा नाही, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे अगदी जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे.

मी हे सुताराला सांगितले. वर हेही, की आंब्याचे लाकूड उघड्यावर दोन-चार पावसाळ्यांत कुजते. तो हसला. मग पाडलेल्या एका जुन्या वाड्याची सागवानी तुळई त्यानेच शोधून आणली. कडेचा पांढरट भाग काढून टाकला, कारण वाळवी लागते ती तिथेच. पाणी निथळावे म्हणून फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली, स्क्रू पितळी लावले आणि पाय मातीत न पुरता दगडावर टेकवले. पॉलिश नाही. ऊन-पावसाने साग रुपेरी होतो, तो होऊ द्यायचा.

तुळईला जुन्या खिळ्यांची भोके होती. ती बुजवू नका, असे हिने सांगितले.

बाक आता आंब्याखालीच आहे. त्या झाडाची मालकीण संध्याकाळी तिथे बसून असते, आणि ती अजून राजी झालेली नाही. असो.