अखेरचा ग्राहक कोण?

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी आटोपल्यावर, एक तरुण आमच्या काचिगुड्याच्या घरी आला. त्याचे आजोबा आणि माझे वडील निजामी अमदानीत एकाच दफ्तरात नोकरीस होते आणि तो घरोबा दोन्ही कुटुंबांनी आजवर जपला आहे. त्याच्या एका हातात गुळगुळीत कागदावरच्या रंगीत पुस्तिका होत्या, दुसऱ्या हातात एक लांबट वही. बसता बसताच तो म्हणाला, "काका, तुमची सारी नोकरी विक्रीकर खात्यात गेली. ही कंपनी पिरॅमिड आहे की नाही, तेवढे हे कागद वाचून सांगा. बाबा म्हणतात, ही शुद्ध फसवणूक आहे. माझ्या वरचे लोक म्हणतात, बाबांना धंदा कळत नाही."

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. कोणतीही नस्ती हाती आली की आधी तिची पूर्वपीठिका पाहायची, ही खात्यातली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तेव्हा त्या तरुणाची कंपनी बाजूला ठेवून मी या धंद्याचा इतिहास वाचू लागलो आणि चकित झालो. या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या कंपनीविषयी, अ‍ॅमवेविषयी, १९७९ मध्ये वॉशिंग्टन येथे एक निर्णय झाला होता आणि २००७ मध्ये आपल्याच शहरात, मुसीकाठच्या उच्च न्यायालयात, जवळजवळ उलट निर्णय झाला. दोन्हीकडचे निर्णयकर्ते विद्वान होते. मग फरक कशामुळे पडला?

मुळात ज्याला पिरॅमिड म्हणतात ते काय, हे आपल्या घरांतील स्त्रियांना भिशीवरून चटकन समजते. भिशीत बारा जणी असतील तर बाराच राहतात. दरमहा सर्वांचे पैसे एकीला मिळतात, वर्षाअखेर प्रत्येकीला तिचे पैसे पोहोचलेले असतात आणि तेराव्या बाईची कोणालाही गरज पडत नाही. पिरॅमिडमध्ये मात्र आधी आलेल्याला जे मिळते ते मागाहून येणाऱ्याच्या खिशातूनच मिळते. एकाने सहा माणसे आणली, त्या सहांनी प्रत्येकी सहा, असे गणित मांडत गेले तर दहाव्या पायरीवर सहा कोटींहून अधिक माणसे लागतात आणि बाराव्या पायरीवर दोनशे सतरा कोटी, म्हणजे भारताच्या लोकसंख्येहूनही अधिक. हे कोष्टक वर्तमानपत्रांत नेहमी छापून येते. मात्र तेवढ्याने निकाल लागत नाही. साखळी बाराव्या पायरीपर्यंत कधी जातच नाही, कारण खालचे लोक वर्षा-दोन वर्षांत सोडून जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. बाहेरून पाहणाऱ्याला धंदा स्थिर दिसतो. शिवाय मधे खराखुरा माल असतो. साबण असतो, जीवनसत्त्वाच्या गोळ्या असतात, आणि त्या कोणीतरी वापरतही असते. खरी अडचण येथूनच सुरू होते.

या धंद्याचा उगम अमेरिकेत, त्या गोळ्यांतच आहे. न्यूट्रिलाइट नावाच्या पूरक आहाराच्या विक्रीसाठी १९४५ मध्ये मिटिंजर आणि कॅसलबेरी या दोघांनी अशी योजना बसवली की, विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीवर नफा मिळावा आणि त्याने तयार केलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही काही वाटा मिळावा. १९४९ मध्ये रिच डेव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल हे दोन मित्र तिचे वितरक झाले. दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, मिशिगन राज्यातील एडा या गावी त्यांनी अ‍ॅमवे काढली. नव्या विक्रेत्याला शिकवून तयार करणाऱ्याला त्याच्या विक्रीतला अंश मिळावा, यात मला स्वतःला काही गैर दिसत नाही. आपल्या बेगमबाजारातले घाऊक व्यापारीसुद्धा आडत्याला असाच काही वाटा देतात.

गैर काय, ते पुढच्या पिढीने दाखवून दिले. ग्लेन टर्नर या गृहस्थाने १९६७ मध्ये फ्लॉरिडात कॉस्कॉट ही कंपनी काढली. मिंक या प्राण्याच्या तेलापासून बनवलेली सौंदर्यप्रसाधने हा तिचा माल. पण तेथे वितरकाचे पद विकत घ्यावे लागे. त्यासाठी पाच हजार डॉलर मोजावे लागत आणि त्यांतील तीन हजार त्या माणसाला आणणाराला मिळत. आता सांगा, क्रीमच्या डब्या विकत दारोदार कोण हिंडेल? पुढे न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार, सभांना महागड्या मोटारींतून यावे, भारी पोशाख करावा आणि हातात नोटा खेळवाव्यात, असे कार्यकर्त्यांना शिकवले जाई. सभेतील भाषणसुद्धा आधीच लिहून दिलेले असे. १९७५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणात जी कसोटी सांगितली तीच आजही जगभर आधाराला घेतली जाते. सभासद कंपनीला पैसे देतो आणि बदल्यात त्याला दोन हक्क मिळतात. एक माल विकण्याचा, दुसरा नवी माणसे आणल्याबद्दल मोबदला मिळवण्याचा. हा दुसरा मोबदला जर प्रत्यक्ष वापरणाऱ्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी निगडित नसेल, तर ती योजना पिरॅमिड.

त्याच वर्षी कमिशनने अ‍ॅमवेविरुद्धही तक्रार मांडली. चार वर्षे सुनावणी चालली आणि मे १९७९ मध्ये निर्णय आला की अ‍ॅमवे पिरॅमिड नाही. कारण तेथे माणूस आणल्याबद्दल वेगळे बक्षीस नव्हते. प्रवेशाला मोठी रक्कम लागत नव्हती. आणि कंपनीचे तीन नियम होते. सोडून जाणाऱ्या वितरकाचा शिल्लक माल परत घेतला पाहिजे, महिन्याच्या खरेदीपैकी निदान सत्तर टक्के माल विकला गेला पाहिजे आणि दरमहा निदान दहा वेगवेगळ्या ग्राहकांना किरकोळ विक्री झाली पाहिजे. हे नियम पाळले जातात, असे कमिशनला पुराव्यावरून वाटले. मात्र किमती ठरवून दिल्याबद्दल आणि मिळकतीचे फुगवलेले आकडे सांगितल्याबद्दल कंपनीला त्याच निर्णयाने दोषी ठरवले. सभांमधून १९७९ चा दाखला देणारे हा उत्तरार्ध बहुधा गाळतात. जाहिरातींत त्या आदेशाचा भंग झाल्यावरून १९८६ मध्ये कंपनीला एक लाख डॉलरचा दंडही भरावा लागला.

या तीन नियमांपाशी मी बराच वेळ थांबलो. सत्तर टक्क्यांच्या नियमात घाऊक विक्रीही धरली जात होती, म्हणजे आपल्या खालच्या वितरकाला दिलेला माल हीसुद्धा विक्रीच. तेव्हा खऱ्या अर्थाने ग्राहकापर्यंत पोहोचणारा नियम एकच उरतो, तो दहा ग्राहकांचा. आणि ते दहा ग्राहक झाले हे सांगणार कोण? खुद्द वितरकच. आमच्या खात्यात विक्रेत्याचे निवेदन हा पुरावा मानला जात नसे. तेथून पुराव्याची सुरुवात होत असे. निवेदन आले की आम्ही गोदामात जात असू.

अमेरिकेतील न्यायालयांनाही हे कालांतराने पटले. १९९६ मध्ये ऑम्निट्रिशन या कंपनीच्या खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले की, असे नियम कागदावर असणे पुरेसे नाही. त्यांच्यामुळे किरकोळ विक्री प्रत्यक्षात होते, हे दिसले पाहिजे. पुढे २०१६ मध्ये हर्बालाइफने कमिशनशी तडजोड करताना वीस कोटी डॉलर भरले. त्या तडजोडीत कमिशनने तिला पिरॅमिड म्हटले नाही, पण मोबदल्याचा निदान दोनतृतीयांश भाग पडताळून पाहिलेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असावा, असे बंधन घातले. पडताळणी हा शब्द यायला १९७९ नंतर सदतीस वर्षे लागली.

आपल्याकडील वाट निराळी. येथे प्रश्न निघाला तो साबणावरून नव्हे, बक्षिसाच्या चिटांवरून. रिझर्व्ह बँकेने जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने १९७५ मध्ये अशा योजनांवर बंदी सुचवली आणि १९७८ मध्ये प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजनांना बंदी करणारा कायदा झाला. त्यात 'पिरॅमिड' हा शब्द नाही. झटपट किंवा सहज पैसा मिळवण्याची योजना आणि सभासदांच्या नोंदणीवर अवलंबून असलेले पैसे देण्याचे वचन, अशा शब्दांत त्याची व्याख्या आहे. १९८२ मध्ये कलकत्त्याच्या संचयिता या संस्थेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी व्याख्येचा अर्थ बारकाईने लावला. झटपट पैसा एवढ्याने गुन्हा होत नाही; तो पैसा सभासदांच्या नोंदणीशी जोडलेला असला पाहिजे. संचयिता भरमसाट व्याज देत होती, पण सभासद जोडण्याची अट तिच्यात नव्हती, म्हणून या कायद्याखालील कारवाई रद्द झाली. अर्थ अगदी काटेकोर होता, यात शंका नाही. ठेवीदारांना त्याने काय दिलासा मिळाला असेल, हा प्रश्न निराळा.

अ‍ॅमवेने भारतात १९९८ मध्ये व्यवसाय सुरू केला. २००६ मध्ये आंध्र प्रदेशच्या गुन्हे अन्वेषण विभागाने १९७८ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि कंपनी उच्च न्यायालयात गेली. १९ जुलै २००७ रोजी मुख्य न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती नागार्जुन रेड्डी यांच्या खंडपीठाने तिच्या याचिका फेटाळल्या. न्यायालयाने माल चांगला की वाईट, हे पाहिले नाही. नियमपुस्तिकेवरही भिस्त ठेवली नाही. वरच्या कडीतल्या माणसाला खालच्यांच्या खरेदीवर कमिशन मिळते, त्यासाठी त्याला स्वतः विक्री करावी लागत नाही आणि त्याची मिळकत खाली सभासद वाढण्यावर अवलंबून राहते. हाच सहज पैसा आणि हाच नोंदणीशी संबंध, असे त्याचे थोडक्यात म्हणणे. समोर आलेल्या माहितीवरून योजना कायद्याच्या व्याख्येत बसते, म्हणून तपास पुढे चालावा.

आता दोन्ही निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. १९७९ च्या निर्णयाने विचारले, नुसते माणूस आणल्याचे पैसे मिळतात का? उत्तर नाही असे आले. २००७ च्या निर्णयाने विचारले, वरच्याची मिळकत सभासद वाढण्यावर टिकून आहे का? उत्तर होय असे आले. कंपनी तीच, पण प्रश्न दोन. माझे मत विचाराल तर आपल्या न्यायालयाचा प्रश्न अधिक खोलवरचा होता. मात्र त्यात एक धोका आहे. अक्षरशः लावला तर प्रामाणिकपणे माल विकून, दहा माणसे शिकवून तयार करणारा विक्रेताही त्याच जाळ्यात सापडेल. अमेरिकन कसोटीतला 'प्रत्यक्ष वापरणारा ग्राहक' हा शब्द तेवढ्यासाठी मोलाचा. तो शब्द घेऊन गोदामात गेले पाहिजे होते. ते त्यांनी फार उशिरा केले.

पुढचा इतिहास भराभर घडला. मे २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी आणि मे २०१४ मध्ये कर्नूल पोलिसांनी अ‍ॅमवेच्या भारतातील प्रमुखांना अटक केली. सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्राने थेट विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम केले. त्यांत पिरॅमिड योजनेची व्याख्या स्वतंत्रपणे आली आणि थेट विक्रीच्या आडून ती चालवण्यास मनाई झाली. एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने अ‍ॅमवेची ७५७ कोटींहून अधिक किमतीची मालमत्ता गोठवली. त्यासोबत दिलेल्या आकड्यांनुसार सुमारे वीस वर्षांत कंपनीने २७,५६२ कोटी रुपये गोळा केले आणि त्यांतील ७,५८८ कोटी कमिशनपोटी वाटले. हे तपास यंत्रणेचे आरोप आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालयानेच करायचा आहे. पण एवढे कमिशन कोणाच्या तरी खरेदीच्या किमतीत मिसळलेले असणार, हे समजायला न्यायालय लागत नाही.

आठ दिवसांनी तो तरुण परत आला. मी रंगीत पुस्तिका न उघडता त्याला परत दिल्या आणि वही मागितली. अकरा महिन्यांचा हिशेब त्याने निगुतीने लिहिला होता. मुलगा मुळात व्यवस्थित आहे. आमच्यासारख्या परप्रांतात रुजलेल्या लहान समाजात अशी वही म्हणजे एक वंशावळच असते. मामेभाऊ, मंडळातले गणेशोत्सवाचे सहकारी, आईच्या भजनी मंडळातल्या बायका, अंबरपेठेतल्या आत्याचे भाडेकरू. एकूण त्रेचाळीस नावे होती. मी त्याला म्हटले, ज्यांच्या नावापुढे सभासद क्रमांक नाही तेवढी नावे वाच. त्याने पाच वाचली. त्याची आई, दोन मावश्या, एकदाच टूथपेस्ट नेणारा शाळेतला मित्र आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भिडेखातर धुण्याच्या पावडरचा डबा घेतलेली माझी पत्नी. बाकीचे अडतीस जण कमिशनची पातळी टिकवण्यासाठी महिन्याला ठरलेला माल उचलत होते आणि त्यांतल्या सव्वीस जणांच्या नोंदी चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर थांबल्या होत्या. मामेभावाशी बोलणे बंद आहे, हे त्याने आपण होऊन सांगितले.

मी त्याला पिरॅमिड हा शब्द उच्चारून दाखवला नाही. घरी माल किती आहे, एवढेच विचारले. कपाट भरून, म्हणाला, आणि पलंगाखाली दोन खोकी. माल परत घेण्याची त्या कंपनीची अट होती, पण मुदतीत आणि मूळ पावतीसह. वहीच्या मागच्या खिशात पावत्या कोंबलेल्या होत्या. त्या आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि रात्री साडेनऊपर्यंत तारीखवार लावल्या. मुदतीत बसणाऱ्या नऊ निघाल्या.