नेपथ्यातली बाई
तर मंडळी, साल 2011. 'गेम ऑफ थ्रोन्स' सुरू झालं आणि त्याच वर्षी समीक्षक माइल्स मॅकनट यांनी 'सेक्सपोझिशन' हा शब्द काढला. म्हणजे पुरुष कथानक समजावतोय आणि मागे बाई उघडी. नेपथ्यच झालं की तिचं! एमिलिया क्लार्कने 2019 मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं, काम स्वीकारल्यावर स्क्रिप्ट हातात आल्या, तेव्हा कळलं. मारामारीला स्टंट कोऑर्डिनेटर असायचा, इथे मात्र तसं पदच नव्हतं. (आमच्याकडे एक ओळ कोडसुद्धा रिव्ह्यूशिवाय जात नाही.) 'द ड्यूस'मधल्या एमिली मीडने मागणी केली, तेव्हा एचबीओने अलिशिया रोडिसला आणलं. ऑक्टोबर 2018 मध्ये सगळ्याच मालिकांना तो नियम लागला. 'थ्रोन्स'चं शूटिंग तेव्हा आटोपलं होतं.