पिकअपचा विमा आणि रस्त्यावरचा तिसरा माणूस

आज आपल्याला एका कागदाचा इतिहास पाहायचा आहे, आणि हा कागद सहसा कोणी वाचत नाही. पिकअप गाडीच्या विम्याची पॉलिसी. गाडीवाला ती गाडीतल्या कप्प्यात ठेवतो, पोलिसांनी अडवलं की काढून दाखवतो आणि वर्ष संपत आलं की एजंटाला फोन करून विचारतो, "यंदा किती?" किती ते त्याला कळतं. का, ते कोणी सांगत नाही. आपण आज त्या 'का'च्या मागे जाऊ.

आधी गाडी कोणती ते ठरवू. छोट्या हत्तीपेक्षा मोठी आणि ट्रकपेक्षा लहान, पुढे दोन-तीन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. पहाटे बाजार समितीत भाजी पोचवते, दुपारी सिमेंट नेते, लग्नसराईत मंडपाचं सामान वाहते. आपल्याकडे अशा सगळ्या गाड्यांना सरसकट 'टेम्पो' म्हणतात. तो शब्द मुळात जर्मनीतल्या हँबुर्गच्या एका कारखान्याचं नाव. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने त्या कारखान्याच्या गाड्या इथे बनवायला घेतल्या, आणि कंपनीचं नाव हे गाडीचंच नाव होऊन बसलं.

आता आकडे. विम्याच्या रकमेचे दोन भाग असतात, आणि ते वेगळे ओळखता आले की निम्मा गोंधळ मिटतो. पहिला भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर वगैरे. हा भाग गाडीच्या आजच्या किमतीवर ठरतो. समजा, पिकअपची विम्यासाठी धरलेली किंमत आठ लाख आहे. २००२ च्या अखिल भारतीय दरपत्रकात नव्या मालवाहू गाडीसाठी दर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे चौदा हजारांच्या घरात. १ जानेवारी २००७ पासून हा भाग कंपन्यांच्या मर्जीवर सोडला, म्हणून इथे सूट मिळते, घासाघीस चालते. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी वीस टक्के सवलत, आणि ती वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते. पहिलं वर्ष सरता सरता पंधरा टक्के, पाचवं सरता सरता पन्नास टक्के. त्याबरोबर हप्ताही उतरतो.

दुसरा भाग थर्ड पार्टीचा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात, भाड्याने माल वाहणाऱ्या आणि मालासकट ७,५०० किलोपर्यंत वजनाच्या चारचाकी गाडीला हा भाग १६,०४९ रुपये आहे. २०१९ मध्ये तो १५,७४६ होता. इथे घासाघीस नाही, सगळ्या कंपन्यांचा मूळ दर एकच. छोटा हत्ती असो, पिकअप असो की ४०७, तिघांनाही तेवढाच. याच दरपत्रकात हजार ते दीड हजार सीसीच्या घरगुती मोटारीला ३,४१६ रुपये आहेत. म्हणजे पिकअपवाला घरच्या मोटारीच्या जवळजवळ पावणेपाच पट भरतो.

इथेच गाडीवाल्याची तक्रार सुरू होते, आणि ती आपण नीट ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणतो, "गाडी दहा वर्षांची झाली, विकायला काढली तर दोन लाख येणार नाहीत. मग विमा का कमी होत नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की हा दुसरा भाग त्याच्या गाडीचा नाहीच. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा आहे. गाडी जुनी झाली म्हणून समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाची किंमत उतरत नाही.

हे तत्त्व आज आपल्याला सहज पटतं, पण कायद्यात यायला त्याला बराच काळ लागला. मोटार आली तेव्हा अपघातात मेलेल्याच्या घरच्यांना एकच वाट होती. दिवाणी कोर्टात दावा लावा, कोर्ट फी भरा, चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करा आणि निकाल लागेपर्यंत जगा. एवढं करून जिंकलंच, तर मालकाकडे द्यायला काही नसायचं. त्याची सगळी मिळकत म्हणजे ती ठोकलेली गाडी. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने मोटारमालकांवर तिसऱ्या माणसासाठी विम्याची सक्ती केली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशीच तरतूद आली, पण तो भाग प्रत्यक्षात लागू झाला १ जुलै १९४६ रोजी. सात वर्षं ती सक्ती कागदावरच राहिली.

'तिसरा' कोण, तेही पाहू. करारातला पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी. तिसरा म्हणजे ज्याची या करारावर सहीच नाही तो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवत आलो की करार बांधतो तो करार करणाऱ्यांना. इथे मात्र दोघे करार करतात आणि हक्क मिळतो तिसऱ्याला, ज्याला तो करार झाल्याचं माहीतही नसतं. ही साधी गोष्ट नव्हे. समाजाने अनोळखी माणसाचं देणं मान्य केलं, असा तिचा अर्थ होतो.

मान्य केलं खरं, पण हात आखडता ठेवून. मालवाहू गाडीसाठी कंपनीची जबाबदारी सुरुवातीला एका अपघाताला वीस हजार रुपयांपर्यंतच होती. १९६९ मध्ये ती पन्नास हजार झाली, १९८२ मध्ये दीड लाख. १९६६ साली गुजरातेत एका ट्रकची आणि मोटारीची टक्कर झाली. मोटारीतला एक जण गेला, दुसरा जखमी झाला. विमा कंपनी म्हणाली, अपघात एक, म्हणून दोघांत मिळून वीस हजार. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८१ मध्ये निकाल लागला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश म्हणजे आपल्या पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. त्यांनी अर्थ असा लावला, की 'अपघात' हा ज्याला तो झाला त्याच्या बाजूने मोजायचा. दोन माणसांवर घाला पडला तर अपघात दोन, म्हणून प्रत्येकाला वेगळी मर्यादा. एका शब्दाकडे गाडीच्या बाजूने पाहायचं की माणसाच्या, एवढाच प्रश्न होता. पण त्यावर एका घराचा संसार अवलंबून होता.

बाकी पायऱ्या भराभर सांगतो. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आली. १९७३ पासून सर्वसाधारण विमा चार सरकारी कंपन्यांकडे गेला. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका लॉरी अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं, की हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालकाचं देणं नाही. मग रात्रीच्या अंधारात, साक्षीदार नसताना गेलेल्या माणसाचं काय? संसदेने १९८२ मध्ये दोष सिद्ध न करताही मृत्यूला पंधरा हजारांची तरतूद केली. आणि १९८८ च्या कायद्याने मृत्यू व शारीरिक इजा यांवरची वरची मर्यादाच काढून टाकली. अनोळखी माणसाचं देणं तेव्हा कुठे पूर्ण झालं.

मर्यादा गेली म्हणजे नेमकं काय झालं, हे एका हिशेबाने बघू. हिशेबाची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत पक्की केली. समजा, बत्तीस वर्षांचा एक गवंडी, महिना पंधरा हजार कमावणारा. मागे बायको, दोन मुलं, म्हातारी आई. पुढे मिळकत वाढली असती म्हणून चाळीस टक्के जोडायचे, झाले एकवीस हजार. त्याचा स्वतःवरचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले पंधरा हजार सातशे पन्नास. वर्षाचे एक लाख एकोणनव्वद हजार. बत्तिसाव्या वर्षासाठी गुणक सोळा. उत्तर येतं तीस लाख चोवीस हजार. त्यावर अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा आणि व्याज वेगळं.

आता या रकमेला १६,०४९ ने भागा. साधारण एकशे अठ्ठ्याऐंशी येतात. म्हणजे एकशे अठ्ठ्याऐंशी पिकअपवाल्यांनी भरलेला वर्षाचा हप्ता या एका घराकडे जातो, आणि त्यात कंपनीचा खर्च धरलेला नाही. पिकअप दिवसभर रस्त्यावर असते, घरची मोटार निम्मा वेळ दारात उभी असते. पावणेपाच पटीचं मोठं कारण हेच. कंपन्यांना हा धंदा नकोसा होता, इतका की २००७ मध्ये व्यापारी गाड्यांच्या थर्ड पार्टीचा सामाईक पूल करून तोटा सगळ्या कंपन्यांत वाटावा लागला. तो २०१२ पर्यंत चालला.

कोणी म्हणेल, मग माणसाची किंमत तीस लाख ठरली का? कान्ट सांगून गेला की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. हिशेबानेही माणसाची किंमत केलेली नाही. त्याने फक्त चुलीवरचं किती गेलं ते मोजलं. आणि त्यातही एक टोचणी उरतेच. पंधरा हजारवाल्याच्या घराला तीस लाख आणि दीड लाखवाल्याच्या घराला त्याच्या दसपट. हप्ता मात्र एकच.

आता या इतिहासातला न सुटलेला भाग. रस्त्यावरचा माणूस तिसरा झाला. पण हौद्यात बसलेला माणूस कोण?

लग्नाचं वऱ्हाड, जत्रेला निघालेलं गाव, कामावरून परतणारे मजूर. आपल्याकडे पिकअपच्या हौद्यात माणसं बसतात, हे आपण सगळेच पाहतो. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशा फुकट नेलेल्या माणसालाही विमा लागू आहे. २००२ च्या डिसेंबरात आशा राणी खटल्यात मोठ्या पीठाने ते फिरवलं. गाडी मालाची, तर विमाही मालाच्या गाडीचा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात बसते ती दोन माणसं: मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी. गाडीमालकाने कामावर ठेवलेला चालक आणि माल चढवणारा हमाल यांना कामगार नुकसानभरपाईच्या हिशेबाने संरक्षण आहे. वऱ्हाडाला नाही. भाजीच्या पाटीबरोबर भाजीवाली बसली तर ती विम्यात, पाटी विकून रिकाम्या हाताने परत बसली तर तिचा वकील अडचणीत.

न्यायालयाने कायदा चुकीचा वाचला, असं आपण म्हणणार नाही. हौदा माणसांसाठी नाहीच, आणि तो तसा वापरू नये हे खरंच आहे. पण शिक्षा कोणाला होते ते बघा. नियम मोडला मालकाने, कधी चालकाने. भरपाई बुडते ती विधवेची. कंपनी सुटते, आणि ती बाई पुन्हा १९४६ च्या आधीच्या जागी येऊन उभी राहते. हातात निकाल, आणि समोर ठोकलेल्या गाडीचा मालक.

वाट सापडलेली आहे, पण ती दयेची वाट आहे. २००४ च्या बलजित कौर निकालात न्यायालयाने तत्त्व तेच ठेवलं, पण कंपनीला सांगितलं, आधी त्या घराला द्या, मग मालकाकडून वसूल करा. पुढे अनेक प्रकरणांत असे आदेश झाले. आमचं म्हणणं एवढंच, की हे न्यायाधीशाच्या मनावर सोडू नये, कायद्यातच लिहावं. मालकाकडून वसुली करण्याची ताकद कंपनीकडे आहे, त्या बाईकडे नाही. यामुळे हप्ता वाढेल का? थोडा वाढेलही. पण वाढीचं कारण आपण लोकांना सांगू शकू.

आणि कायदा बदलेपर्यंत? पिकअपवाल्यांनी पॉलिसी एकदा उघडून वाचावी. विमा संपू देऊ नये. पहिल्या वेळी दंड दोन हजारच आहे, पण त्या दिवशी अपघात झाला तर ते तीस लाख त्याच्या घरादारावर येतात. आणि ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी वऱ्हाडासाठी बस किंवा जीप ठरवावी, हौद्यात फक्त मंडपाचं सामान जाऊ द्यावं. जिथे एसटी पोचत नाही तिथे हे बोलणं सोपं आहे, याची जाणीव ठेवूनच सांगतो. म्हणून तर विम्याचा प्रश्न शेवटी एसटीच्या फेऱ्यांपाशी येतो. तो पुढच्या वेळी घेऊ. आता तुमचे प्रश्न असतील तर विचारा.