धुक्यामागचं राज्य

मी बी. ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. व्हिडिओ गेमच्या इतिहासावर मी बोलणार म्हटल्यावर घरच्यांना हसूच आलं. पण हा विषय माझ्या मागे लावला तो सुटीत आलेल्या भाच्यानं. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या खेळाची २०२१ साली आलेली नवी आवृत्ती तो खेळत होता. डोंगरमाथ्यावर पोहोचला आणि म्हणाला, ‘‘मामू, इथून सगळं राज्य दिसतंय. एवढंसंच आहे!’’

त्याच्या थोरल्या भावाला याच खेळाची जुनी आवृत्ती खेळताना मी पाहिलं होतं. तेव्हा ते राज्य संपता संपत नव्हतं. मग ते आता लहान कसं झालं?

हा खेळ २००४ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात, ‘रॉकस्टार नॉर्थ’ या संस्थेनं तयार केला. तीन शहरं, वाळवंट, जंगल, डोंगर. आणि हे सगळं चालवायचं ‘प्लेस्टेशन २’ या यंत्रावर. त्याची मुख्य स्मृती फक्त ३२ मेगाबाइट. आजच्या मोबाइलवरच्या दहा-बारा फोटोंनीच ती भरून जाईल. अख्खं राज्य तिच्यात मावणं शक्यच नव्हतं. म्हणून खेळाडू जिथे असेल त्याच्या आसपासचा भाग तेवढा तबकडीवरून वाचायचा आणि मागे पडलेला सोडून द्यायचा. रात्रीच्या प्रवासात गाडीच्या दिव्यांपुढचा रस्ता तेवढा दिसावा, तसं.

पण खेळाडूची गाडी तबकडीपेक्षा वेगानं धावली तर? २००१ च्या तिसऱ्या भागात हीच अडचण आली होती. त्या चमूतले तंत्रज्ञ ओबे व्हर्मीज यांनी पुढे सांगितलं, की काही ठिकाणी रस्त्यांची रचना बदलावी लागली. एका भागात तर गाडीला होणारा हवेचा विरोध गुपचूप थोडा वाढवला.

दूरच्या इमारती अचानक उगवताना दिसू नयेत, म्हणून क्षितिजावर धुरकट पडदा सोडला. त्यातलं लॉस सँटोस हे शहर लॉस एंजेलिसवर बेतलेलं. त्या शहराचं धुरकं प्रसिद्धच. त्यामुळे नाइलाजानं आणलेला पडदा तिथल्या हवेसारखाच वाटला.

२०२१ मध्ये ताकदवान यंत्रांसाठी खेळ नव्यानं सजवला. धुकं विरलं आणि एका शहरातून दुसरं दिसू लागलं. खेळाडूंनी तक्रार केली. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये जुनी आकाशछटा निवडण्याची सोय दिली गेली.

यंत्रं मोठी झाली, तरी हिशेब सुटलेला नाही. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भागच मिळतो. ‘फोर-के’ चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. त्याआधीच्या ‘फुल एचडी’च्या चौपट. म्हणून २०२० साली आलेल्या ‘प्लेस्टेशन ५’वरही अनेक खेळ सुरुवातीलाच विचारतात : देखणेपणा हवा, की ओघ?

हा हिशेब चुकला की काय होतं, हेही २०२० मध्येच दिसलं. पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट’ कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०१३ च्या पिढीतल्या यंत्रांवर इतका अडखळला, की ‘सोनी’नं आठवड्याभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. तो परतला जून २०२१ मध्ये.

शेर लिहिताना दोनच ओळी मिळतात. काय गाळायचं, यातच माझी रात्र जाते. त्या एडिंबराच्या मंडळींच्या रात्रीही अशाच गेल्या असतील, असं मला वाटतं.

भाच्याला म्हटलं, ‘‘जुनं आकाश लाव बरं.’’ तो पुन्हा डोंगरावर गेला. पलीकडचं शहर धूसर झालं होतं. थोडा वेळ तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मामू, तिकडे जाऊन बघू या का?’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)