मूल्यशिक्षण (प्राथमिक स्तर)

प्राथमिक स्तरावरील मूल्यशिक्षण म्हणजे लहान वयाच्या विद्यार्थ्यांमध्ये सत्यप्रियता, समता, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता यांसारखी मूल्ये आणि सहकार्य, संवाद, भावनांचे नियमन यांसारखी सामाजिक कौशल्ये रुजवण्याची शालेय प्रक्रिया होय. महाराष्ट्रात यासाठी प्रामुख्याने परिपाठ, विषयांचे अध्यापन आणि सहशालेय उपक्रम या तीन मार्गांचा अवलंब केला जातो.

संकल्पना

मूल्य ही चांगल्या-वाईटाची कसोटी आहे, तर सामाजिक कौशल्य हे त्या कसोटीनुसार वागण्याचे सामर्थ्य आहे. भांडण अयोग्य आहे हे मुलाला ठाऊक असते. परंतु राग आल्यावर हात न उगारता शब्दांत तक्रार मांडणे त्याला शिकावे लागते. त्यामुळे केवळ उपदेशाने मूल्यशिक्षण पूर्ण होत नाही.

मूल्यशिक्षण धार्मिक शिक्षणाहून भिन्न आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शैक्षणिक संस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अशा शाळांतील मूल्यशिक्षणाचा पाया न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही संविधानाच्या उद्देशिकेतील तत्त्वे हा आहे.

पार्श्वभूमी

१९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीम योजनेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले आणि श्रमप्रतिष्ठेला अभ्यासक्रमात स्थान दिले. केंद्र शासनाने १९५९ मध्ये श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली धार्मिक व नैतिक शिक्षणविषयक समिती नेमली. प्राथमिक शाळांत सकाळी काही मिनिटांची सभा व समूहगायन असावे, असे या समितीने सुचवले. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) सामाजिक, नैतिक व आध्यात्मिक मूल्यांच्या शिक्षणावर भर दिला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, १९८६ मध्ये सर्व राज्यांच्या अभ्यासक्रमांसाठी समान असे दहा गाभा घटक निश्चित झाले. त्यांत स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण संरक्षण, सामाजिक अडसरांचे निर्मूलन आणि वैज्ञानिक दृष्टिकोन यांचा समावेश आहे. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ च्या अहवालात सत्य, सदाचार, शांती, प्रेम व अहिंसा या पाच मूल्यांवर भर दिला. बीड जिल्ह्यात २००९ पासून शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने ‘मूल्यवर्धन’ हा संविधानिक मूल्यांवर आधारित कार्यक्रम सुरू केला. पुढे तो राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पोहोचला.

दहा मूल्ये व जीवन कौशल्ये

महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात पुढील दहा मूल्ये प्रचलित आहेत : राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा.

यांच्या जोडीला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दहा जीवन कौशल्ये विचारात घेतली जातात. स्वतःची जाणीव, समानुभूती, समस्या निराकरण, निर्णयक्षमता, प्रभावी संप्रेषण, परस्परसंबंध, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, भावनांचे समायोजन आणि ताणतणावांचे समायोजन ही ती कौशल्ये होत.

बालकांचा नैतिक विकास

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांच्या नीतिविचारावरील संशोधन प्रसिद्ध केले. एका मुलाकडून दार उघडताना नकळत पंधरा पेले फुटले आणि दुसऱ्याकडून चोरून खाऊ घेताना एकच पेला फुटला, तर अधिक दोषी कोण, असा प्रश्न त्यांनी मुलांना विचारला. लहान मुले बहुधा पंधरा पेले फोडणाऱ्याला दोषी ठरवत. मोठी मुले हेतू पाहत. नियम मोठ्यांनी घालून दिलेला असून तो बदलता येत नाही, ही लहान मुलाची समजूत समवयस्कांबरोबर खेळताना, वाद घालताना व तडजोड करताना हळूहळू बदलते, असे पियाजे यांचे प्रतिपादन आहे. म्हणून या वयात खेळ व गटकार्य यांना पाठाइतकेच महत्त्व आहे.

अमेरिकेत हार्टशॉर्न व मे यांनी १९२० च्या दशकात केलेल्या अभ्यासात, एका प्रसंगी प्रामाणिक राहणारे मूल दुसऱ्या प्रसंगी तसे राहीलच असे नाही, हे दिसून आले.

अध्यापन पद्धती

परिपाठ : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, समूहगीत व मौन हे त्याचे सामान्य घटक आहेत. सूत्रसंचालन विद्यार्थ्यांनी आळीपाळीने केल्यास बुजऱ्या मुलांनाही बोलण्याची संधी मिळते.

कथा व नाट्यीकरण : कथेचे तात्पर्य शिक्षकांनी सांगण्याऐवजी ‘त्याच्या जागी तू असतास तर काय केले असतेस?’ असा प्रश्न विचारल्याने मुले स्वतः निर्णय घेतात. भूमिका बदलून केलेल्या नाट्यीकरणातून समानुभूती वाढते.

दैनंदिन व्यवहार : वर्गसफाई, बागकाम, शालेय पोषण आहाराची पंगत आणि वर्गाचे नियम ठरवणे हे मूल्यशिक्षणाचे प्रत्यक्ष प्रसंग आहेत. झाडू मुलींकडे आणि बाके उचलणे मुलांकडे अशी विभागणी झाली, तर पाठात शिकवलेली समानता वर्गातच खोटी ठरते. पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, याकडेही याच दृष्टीने लक्ष द्यावे लागते.

मूल्यमापन

मूल्यांची लेखी परीक्षा घेतल्यास मुले अपेक्षित उत्तर पाठ करतात. त्यामुळे निरीक्षण, प्रसंगनोंदी व वर्णनात्मक शेरे यांचा आधार घेतला जातो. ‘स्वार्थी आहे’ असा शेरा मुलावर शिक्का मारतो. ‘खडू वाटून घेताना मदत लागते’ ही नोंद पुढील अध्यापनाची दिशा दाखवते.

मर्यादा व आक्षेप

मूल्यशिक्षण अनेकदा फळ्यावरील सुविचारापुरते उरते, हा मुख्य आक्षेप आहे. वक्तशीरपणा व नीटनेटकेपणा यांवर भर देताना शिस्त आणि मूल्य यांची गल्लत होते. मळका गणवेश हा अनेकदा मुलाचा दोष नसून घरातील परिस्थितीचा परिणाम असतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. अपमान करून शिकवलेले सौजन्य टिकत नाही. मुले पाठातील वाक्यापेक्षा शिक्षकांचे व पालकांचे वर्तन अधिक बारकाईने पाहतात. त्यामुळे शाळा व घर यांच्या वागण्यातील सुसंगती ही मूल्यशिक्षणाची पहिली अट मानली जाते.